दादऱ्याच्या गाठी

कोठीत शिरण्याआधी सिंधूकाकू चष्मा काढायच्या आणि दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायच्या. माणसं काही शोधायला जाताना चष्मा लावतात. या बाई काढून ठेवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. ओळख जेमतेम, तरी मला राहवलं नाही. विचारलं, तर म्हणाल्या, "आत चष्म्याचं काय काम बाप्पा? गहू काय वाचायचे आहेत?" आत दिवाही नव्हता. म्हणजे होल्डर होता आणि त्यात एक काळा पडलेला बल्ब होता. मी नवा आणून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे. उजेडानं तेल खवट होते."

उजेडाने तेल खवट होतं हे खरं आहे. मी लखनौच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींतल्या तेलांवरच काम करतो. त्यामुळे हे उत्तर मला इतकं पटलं की पुढची साडेतीन वर्षं मी दुसरं काही विचारलंच नाही.

काकू जाऊन आता आठ महिने झाले. मला रडू आलेलं नाही. लोक विचारतात, "तुमच्या फार जवळच्या होत्या ना?" मी हो म्हणतो आणि ते पुढचं वाक्य ऐकायला थांबतात. पुढचं वाक्य माझ्याकडे नसतं. म्हणून वाटलं, निदान त्या कशा होत्या ते क्रमाने लिहून काढावं. क्रमाने लावणं मला जमतं. तेच तर नडलं.

सिंधूकाकू इंगोले मूळच्या परतवाड्याच्या. काका हवाई दलात होते. चोवीस वर्षांत अकरा बदल्या, आणि दर बदलीला काकूंनी अर्ध्या भरलेल्या बरण्या शेजाऱ्यांत वाटून टाकल्या. "आंब्याचं लोणचं घालायची मी, आणि ते मुरायच्या आत आपलं सामान ट्रकमध्ये," असं त्या सांगत. "जोरहाटला घातलेलं पठाणकोटच्या बाईनं खाल्लं, पठाणकोटचं कोणी खाल्लं देव जाणे. माझ्या हातचं मुरलेलं लोणचं मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खायला मिळालं." काका निवृत्त झाले तेव्हा शेवटची नेमणूक लखनौची होती. परत गावी जाण्यासारखं तिकडे काही उरलं नव्हतं. चिनहटच्या पुढे फैजाबाद रोडपासून थोडं आत त्यांनी घर बांधायला घेतलं आणि काकूंनी अट घातली, बैठकीची खोली नसली तरी चालेल, कोठी पाहिजे.

ती खोली स्वयंपाकघर आणि मागचा व्हरांडा यांच्या मधे होती. उत्तरेची बाजू, वर हातभर जाळी, तीन भिंतींना दगडी फळ्या. फळ्यांवर चिनी मातीच्या बरण्या. त्या चिनहटचे कुंभार अजून भट्ट्या लावत होते तेव्हाच्या, एकीचा गळा दुसरीसारखा नाही. खाली पत्र्याचे डबे आणि काकांच्या काळ्या ट्रंका, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात हुद्दा आणि नाव. एका वॉरंट ऑफिसरच्या आत कुरड्या, दुसऱ्याच्या आत मूगवड्या. बरण्यांची तोंडं पांढऱ्या फडक्याने बांधलेली असत. त्या फडक्याला दादरा म्हणतात. आईच्या तोंडचा हा शब्द मी कितीतरी वर्षांनी तिथे ऐकला. दादऱ्याभोवती सुती दोरी, आणि दोरीला गाठी. कुठे एक, कुठे चार, कुठे दोन गाठी आणि जरा अंतर सोडून तिसरी. मला वाटे, बाईंना गाठी मारायचा नाद आहे.

एकाही डब्यावर नाव नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्या दिवशी जो नियम शिकवतात तो असा, की ज्या बाटलीवर नाव नाही ती सरळ ओतून टाका. मी हा नियम काकूंना सांगितला, तेव्हा त्या खूप हसल्या. "मग तर डॉक्टर, मलाच ओतून देशील तू एखाद दिवशी. माझ्यावर कुठं नाव आहे?" पीएच.डी. झाल्यापासून मला घरात कोणी डॉक्टर म्हटलं नव्हतं. काकूंनी मात्र पहिल्या दिवसापासून तेच नाव लावलं आणि शेवटपर्यंत ठेवलं.

त्यांचं वर्ष कोठीवर चाले. होळीनंतर नवे गहू यायचे. मी पोती गच्चीवर चढवायचो. काकू चादरीवर बसून ते हाताने पसरायच्या, वाळवायच्या, आणि कडुनिंबाची वाळलेली पानं घालून पिंपात भरायच्या. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, तिखटावर हिंगाचा खडा, तांदळाला बोरिक पावडर. ही पावडर मात्र त्या कोठीच्या माळ्यावर, जिथे सहसा हात जात नाही तिथे, एका गंजक्या डब्यात ठेवत आणि डब्याला बाहेरून तार गुंडाळत. काळ्या मसाल्याचं दगडफूल चौकातल्या अत्ताराकडून. तो त्याला पत्थर के फूल म्हणायचा आणि कबाबवाल्यांना विकायचा. ज्वारी अमरावतीहून, कोणी येणारं-जाणारं असेल त्याच्या गळ्यात मारून. "कोरडा हात आणि थंड डोकं, दोन्ही असेल तर आत ये," हे मला दर वेळी ऐकावं लागे. आणि दुसरं एक वाक्य, जे त्या डबा खरवडताना म्हणत: "जे संपायचं ते मला सांगून संपलं पाहिजे. न सांगता संपलेलं मला चालत नाही." काका एका दुपारी जेवणाच्या ताटावरून उठता उठता गेले होते. या वाक्याचा तिथून काही संबंध असेल असं मला वाटतं, पण मी कधी विचारलं नाही.

जूनमध्ये आम्ही मलिहाबादला जात असू, लोणच्याच्या कैऱ्या आणायला. सगळं जग तिथे दशहरीसाठी जातं. काकू रामकेल्यासाठी जायच्या, कारण त्याची फोड वर्षभर कडक राहते. बागवाले अस्लमभाई ढीग पुढे करायचे आणि काकू एकेक कैरी हातात घेऊन दाबायच्या, देठापाशी हुंगायच्या, कधी कानाशी नेऊन बोटाने वाजवायच्या. अस्लमभाई एकदा म्हणाले, "अम्मा, आप तो देखती ही नहीं, बस सूँघती हैं." काकू म्हणाल्या, "देखने वाले को ही तो ठगते हो भैया." सगळे हसले, मीही हसलो.

अशा गोष्टी आता आठवायला बसलं की रांगेने आठवतात. वर्तमानपत्र मी वाचून दाखवायचो, कारण "चष्मा फार जड झाला रे, नाकावर वळ येते." टीव्हीसमोर त्या बसायच्या आणि भाजी निवडायच्या, मान खाली घालून. बाहेर जायचं तर ठरलेला एकच ई-रिक्षावाला, आणि तो दारापर्यंत सोडायचा. मी शिकलेला माणूस. सूक्ष्मदर्शकाखाली पानाची केसाएवढी शीर मला दिसते. हे दिसलं नाही.

काकूंचा मुलगा नितीन नोएडाला असतो. चांगला मुलगा आहे, आधीच सांगून टाकतो, नाहीतर ही गोष्ट वाचून लोक त्याच्यावर डोळे वटारतील. मराठी त्याला सगळी कळते, बोलतो हिंदीत. काका गेल्यापासून तो आईला घेऊन जायला बघत होता आणि काकू दर वेळी त्याला वाटेला लावत होत्या. शेवटी त्यांच्यात एक करार झाला, माझ्यासमोर, जेवताना. नितीन म्हणाला, "ठीक है मम्मी, रहिए यहीं. लेकिन जिस दिन मुझे लगा कि आपसे अकेले नहीं हो रहा, उस दिन सामान बाँधूँगा. फिर बहस नहीं."

"हाँ हाँ, मंजूर," काकू म्हणाल्या. "पण तुला काहून वाटेल तसं? सगळं तर करून राहिली मी."

तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिकडं सोळाव्या मजल्यावर हप्त्याचा किराणा फोनवरून येते. चार पुड्या. मी तिथं दिवसभर काय करू रे डॉक्टर? खुर्चीवर ठेवून देतील मला." हे त्या हसत बोलल्या नव्हत्या. चोवीस वर्षं ट्रंका उचलून मिळवलेलं घर त्यांना जिवंतपणी सोडायचं नव्हतं. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती मला माहीत होती.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास नितीन त्यांना पंधरा दिवसांसाठी घेऊन गेला. किल्ली माझ्याकडे. जाताना काकूंनी बजावलं, "दोनदा दार उघडून हवा खेळू दे. बाकी हात लावू नको." तिसऱ्या दिवशी मी हवा खेळवायला गेलो तर रव्याला जाळी धरलेली दिसली. ते निमित्त झालं. खरं सांगायचं तर साडेतीन वर्षं माझे हात त्या खोलीसाठी शिवशिवत होते. काकूंचं वय झालंय, आपण एकदा नीट लावून देऊ, त्या खूश होतील, असं मला मनापासून वाटलं.

अमीनाबादच्या बाजारातून मी एकसारख्या बेचाळीस बरण्या आणल्या, पारदर्शक, फिरकीच्या झाकणांच्या. दोन शनिवार-रविवार लागले. सगळे जुने डबे आणि ट्रंका रिकाम्या करून गच्चीवर नेल्या. लोणची तेवढी चिनी मातीतच ठेवली, पण त्यांचे दादरे काढून वर प्लास्टिकची झाकणं बसवली. दोऱ्यांच्या गाठी तेलाने घट्ट झाल्या होत्या, सुटेनात. मी कात्री घेतली आणि एकेक दोरी कापून कचऱ्याच्या पिशवीत टाकली. प्रत्येक बरणीवर अंगठ्याएवढ्या मराठी अक्षरांत छापलेलं नाव चिकटवलं आणि वर्णमालेप्रमाणे बरण्या लावल्या. माळ्यावरचा तो गंजका डबाही माझ्या डोळ्यांत खुपला. त्यातली बोरिक पावडर नव्या बरणीत आली, तिच्या नावाशेजारी मी लाल शाईने विषाची मोठी फुली मारली, नियम म्हणजे नियम, आणि ती तिसऱ्या फळीवर बेसन आणि भगर यांच्या मधे बसली. मग नवा बल्ब लावला. दारात उभं राहून मी बराच वेळ ती खोली पाहत होतो. इतकं समाधान मला माझ्या प्रबंधानेही दिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी नितीन काकूंना पोचवायला आला. तो रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होता. काकूंना प्रवासात सर्दी झाली होती, नाक पूर्ण बंद. मी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही, आधी कोठीकडे नेलं. त्यांनी सवयीने चष्मा खिळ्याला लावला आणि आत गेल्या. मी बटण दाबलं. काकूंनी पहिल्या बरणीवर हात ठेवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. बोटं झाकणाखाली गळ्याभोवती फिरली.

"सगळ्या सारख्या आहेत रे," त्या म्हणाल्या.

"हो ना," मी खुशीत म्हणालो.

"दोऱ्या?"

"टाकल्या. पार कुजल्या होत्या."

"अच्छा," काकू म्हणाल्या. माझ्याकडे पाठ होती. आणखी एका बरणीवरून बोटं फिरवून म्हणाल्या, "छान केलंस. मेहनत केलीस."

मागून नितीन म्हणाला, "वाह भैया, मम्मी की कोठी तो सुपरमार्केट हो गई."

रविवारी सकाळी नितीनने शिंगाड्याच्या पिठाचा हलवा मागितला. तो लहानपणापासूनचा त्याचा लाडका, आणि नोएडात काकूंनीच त्याला सांगितलं होतं की नवं पीठ दळून ठेवलंय, चल, खाऊ घालते. आता नाही म्हणायला जागा नव्हती, आणि त्याच्यासमोर मला हाक मारून 'ते पीठ कुठंय' असं विचारणंही शक्य नव्हतं. त्यांच्या जुन्या मांडणीत पिठं तिसऱ्या फळीवर असत. त्या तिसऱ्या फळीवर गेल्या.

मी दहाच्या सुमारास वर्तमानपत्र घेऊन खाली आलो. नितीन टेबलाशी फोनवर काहीतरी बघत होता. काकू गॅसपुढे उभ्या राहून तुपात उलथनं फिरवत होत्या. "डॉक्टर, पाह्य रे, रंग आला काय? मला सर्दीनं वास कळून नाही राहिला," त्या म्हणाल्या. मी कढईत पाहिलं. तुपात पांढरे गोळे जसेच्या तसे होते. गॅसशेजारी बरणी होती, लेबल माझ्याकडे, लाल फुली माझ्याकडे.

मी गॅस बंद केला. इतपत ठीक होतं. बरणी उचलून गुपचूप आत नेली असती, हलवा करपला म्हणून कढई सिंकमध्ये पालथी केली असती, तर चार वाजता नितीन स्टेशनला निघाला असता. पण माझ्या तोंडून मोठ्याने गेलं, "काकू, ही बोरिक पावडर आहे."

नितीन उठून आला. त्याने बरणी उचलली. "मम्मी, ये इतना बड़ा-बड़ा लिखा है."

"सर्दी आहे ना. वास नाही आला."

"वास की बात नहीं है, मम्मी. लिखा हुआ है." मग तो एकदम हळू आवाजात बोलला. बरणी त्याने त्यांच्यापुढे हातभर अंतरावर धरली. "क्या लिखा है? पढ़िए."

काकूंनी मान वळवली. माझ्याकडून काहीतरी सुटका होईल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पाहिलं ते मी मघाशी उभा होतो त्या जागेकडे. मी तोवर खिडकीपाशी सरकलो होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, जुना. उजवा डोळा पूर्ण गेलेला, डाव्यात किल्लीच्या भोकाएवढं शिल्लक. काकूंना चार वर्षांपासून माहीत होतं. म्हणजे मी राहायला आलो त्याच्याही आधीपासून त्या घर, कोठी, मी आणि लखनौ हे सगळं बोटांवर मोजून चालवत होत्या. नितीन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडला. "मुझे पता होना चाहिए था, भैया," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हाताला त्याच्या शर्टाचं कापड लागत होतं, तेवढं आठवतं.

करार काकूंचाच होता. त्यांनी बहस केली नाही. आठ दिवसांत सामान बांधलं गेलं. त्या आठ दिवसांत त्या या विषयावर माझ्याशी एकदाच बोलल्या, व्हरांड्यात बसून, बोलल्या त्याही दुसऱ्या कोणाची हकिगत सांगावी तशा. "तो संध्याकाळच्या गाडीनं जाणारच होता रे. तो गेल्यावर मी एकेक मोजून घेतल्या असत्या. नव्या दोऱ्या बांधल्या असत्या. दोन दिवसांत जमलं असतं." त्या रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर मला बरं पडलं असतं. त्यांनी मला चहा विचारला.

चारबाग स्टेशनला मी पोचवायला गेलो. गर्दीत त्यांनी माझं कोपर धरलं. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच धरलं होतं, आणि किती घट्ट धरावं लागत होतं ते मला तेव्हा कळलं. हमालाने सामान लावलं. गाडी सुटायला वेळ होता. काकू खिडकीशी बसून म्हणाल्या, "डॉक्टर, कोठी सांभाळ. मी येईनच उन्हाळ्यात." मी हो म्हणालो.

उन्हाळ्याच्या आत घर विकलं गेलं. नितीनचा फोन आला होता, "भैया, मम्मी को मत बताइएगा. वो सोचती हैं कि ताला लगा है." नव्या मालकांनी पहिलं काम केलं ते कोठीच्या फळ्या फोडून तिथे बाथरूम काढलं. बेचाळीस प्लास्टिकच्या बरण्या कोणी तरी नेल्या. चिनी मातीच्या बरण्या आणि एक ट्रंक मी माझ्या नव्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणली, आणि रिकाम्याच पलंगाखाली सरकवल्या.

पण काकू दर रविवारी अकरा वाजता फोन करत. पहिला प्रश्न ठरलेला: "काय म्हणते कोठी?" घर विकल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी म्हणालो, "ठीक आहे, सगळं जागेवर आहे." काकू म्हणाल्या, "असं नाही. नीट सांग." मग मी नीट सांगायला लागलो. सांगितलं की प्लास्टिक सगळं काढून टाकलं, जुने डबे परत लावले, दोऱ्या बांधल्या. होळीनंतर मी त्यांना नवे गहू भरून दिले. एप्रिलमध्ये कडुनिंबाची पानं बदलली. जुलैत सादळू नये म्हणून दार बंद ठेवलं. खोटं अगदीच सपाट वाटू नये म्हणून एकदा मी एक उंदीर सोडला. त्या उंदराच्या मागे काकूंनी मला तीन रविवार पळवलं, जाळीच्या कोणत्या कोपऱ्यात वीट लावायची तेही सांगितलं. मी वीट लावली. शनिवारी बसून मी उद्या काय सांगायचं याचे मुद्दे काढायचो. माझ्या आयुष्यात मी इतकं काळजीपूर्वक दुसरं काही केलेलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी मी सांगत होतो की लिंबाची बरणी उन्हात ठेवून परत आत घेतली. काकूंचा आवाज तेव्हा बारीक झाला होता. त्यांनी विचारलं, "दादरा नीट बांधला ना? गाठी किती मारल्या?"

"तीन," मी म्हणालो. "आधी होत्या तशाच."

 काकू हसल्या, खोकला येईपर्यंत. "लिंबाला गाठ नव्हतीच रे. तिच्यावर मी दादराच बांधत नव्हते. ताटली ठेवायची पालथी."

शनिवारी काढलेल्या मुद्द्यांचा कागद मी उलटा ठेवला.

"घर विकलं ना नितीननं?"

"हो," मी म्हणालो. "मागच्याच वर्षी."

"हाँ. मला वाटलंच. तू फार बेस सांगायचा. खरी कोठी इतकी बेस नसते, तिथं काही ना काही बिघडून राहते." मग म्हणाल्या, "ऐक डॉक्टर. मी चार वर्षं सगळ्यांना दिसतं म्हणून सांगितलं. तू वर्षभर आहे म्हणून सांगितलं. फिट्टंफाट झाली आपली. आता मनात ठेवू नको."

मी सॉरी म्हणालो. ते मी आधी कधी म्हटलं नव्हतं.

"ते राहू दे. पुढच्या रविवारी सांगशील ना? तिखट काय म्हणते ते राहिलं." आणि फोन ठेवता ठेवता, बाजारातून काही आणायचं सांगावं तसं, त्या म्हणाल्या, "माझं संपत आलंय रे. सांगून ठेवते."

त्यानंतर चार रविवार मिळाले. चारही रविवारी मी कोठीची हकिगत सांगितली आणि त्यांनी ऐकली. दोघांनाही माहीत होतं की त्या जागी आता कोणाची तरी आंघोळ चालू आहे. पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, नितीनचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत नमुन्यांच्या कुप्यांवर नावं लावत होतो. फोन झाल्यावर सहा कुप्या उरल्या होत्या. त्या सहांवर मी नावं लावली, फ्रीजमध्ये ठेवल्या, वहीत नोंद केली, आणि मग कॅन्टीनमध्ये जाऊन जेवलो. वरण फार पातळ होतं.

यंदा जूनमध्ये मी एकटाच मलिहाबादला गेलो. अस्लमभाईंनी विचारलं, "अम्मा नहीं आईं?" मी म्हणालो, "नहीं." माझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं, तरी त्यांना कळलं असावं. मी कैरी उचलून देठापाशी हुंगली आणि मला काहीही समजलं नाही. अस्लमभाईंनी माझ्या हातातून ती काढून घेतली आणि मागच्या ढिगातून स्वतः निवडून दिल्या.

लोणचं घातलं. काकू सांगायच्या तसं सगळं केलं, कोरडा हात, मोहरी आधी फेसून, तेल गरम करून पूर्ण गार. पलंगाखालची एक चिनी मातीची बरणी धुऊन उन्हात दोन दिवस तापवली. बरणी भरली, वर पांढरं फडकं घातलं, भोवती सुती दोरी आवळली आणि गाठ मारताना हात थांबला. आंब्याच्या लोणच्याला काकूंच्या किती गाठी होत्या, ते मला आठवेना. ती दोरी मी स्वतःच्या हाताने कापली होती, अगदी जवळून, उजेडात, चष्मा लावून. तरी आठवेना. एवढ्या रविवारांत ते विचारायचं राहूनच गेलं.

मी एक गाठ मारली. मग ती सोडली. बरणी तशीच फळीवर आहे, दोरी सुटी लोंबते आहे. चार महिने झाले, लोणचं आता मुरलं असेल. तिच्यावर नाव घातलेलं नाही, आणि ती ओतून टाकलेलीही नाही.